उघडझापीचा वेग

श्रोतेहो, बारा व्होल्टांच्या विजेवर पांच व्होल्टांचें उपकरण चालवावयाचें आहे, असें समजा. जुना उपाय म्हणजे मध्यें रोधक घालून वरचे सात व्होल्ट जाळून टाकणें. प्रवाह एक अँपिअर असेल, तर उपकरणास ५ वॅट मिळतात आणि ७ वॅट उष्णतेंत जातात. धन्यापेक्षां दलालच अधिक खातो, असा हा व्यवहार!

दुसरा उपाय वीज तोडून तोडून देण्याचा. दर १२ क्षणांपैकीं ५ क्षण कळ जोडावयाची व ७ क्षण तोडावयाची. पुढें तारेचें वेटोळें आणि विद्युत्‌धारक ते तुकडे सांधून सलग प्रवाह करितात. परंतु ही उघडझाप सेकंदास किती वेळां करावी? या एका प्रश्नाचाच इतिहास आज सांगावयाचा आहे.

आडावरून पाणी आणणाऱ्यानें खेपा वाढविल्या, तर घागर लहान चालते. तसेंच येथें. वेग दुप्पट केला, तर निम्म्या क्षमतेचें वेटोळें तेंच काम करितें. मात्र प्रत्येक खेपेस थोडें पाणी सांडतें. कळ बदलतांना दर वेळीं थोडी वीज वायां जाते. वेग दुप्पट, तर ती सांडही दुप्पट.

१९३० नंतरच्या दशकांत मोटारींतील रेडिओसाठीं कंपनयंत्र वापरीत. तेथें दाब उतरवावयाचा नसून चढवावयाचा होता, पण तत्त्व उघडझापीचेंच. पोलादी पट्टी सेकंदास सुमारें शंभर वेळां थरथरे, टोकांस ठिणग्या पडत आणि तीं झिजत. लोखंडी गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर अर्थातच जड असे.

१९४७ सालीं बेल प्रयोगशाळेंत ट्रान्झिस्टर जन्मला व पुढें झिजणाऱ्या टोकांची गरज उरली नाहीं. तरीही वेग एकाएकीं वाढेना. लोखंडांत वेगाबरोबर भोंवरप्रवाह वाढतात व गाभा तापतो. त्यावर तोड म्हणजे फेराइट; फिलिप्स कंपनीच्या आइंडहोव्हेन येथील प्रयोगशाळेंत स्नूक यांनीं त्यावर मूलगामी काम केलें. त्याचा विद्युत्‌रोध मोठा, म्हणून भोंवरप्रवाह अल्प. आतां मंद ठरला तो ट्रान्झिस्टरच. त्यांत सांठलेला विद्युद्‌भार निघून जाईपर्यंत तो बंद होत नसे. पुष्कळ अभियंते सेकंदास वीस हजारांच्या किंचित् वर थांबले, कारण त्यापुढें वेटोळ्याची शीळ मनुष्याच्या कानास ऐकूं येत नाहीं.

१९७६ सालीं बॉब मॅमॅनो यांनीं रचलेली एस्‌. जी. १५२४ ही नियंत्रक चकती आली. तिचा वेग एका रोधकानें व एका धारकानें ठरे. आंकडा निवडणें इतकें सोपें झालें. तो सोसणें मात्र इतर भागांच्या हातीं राहिलें. त्या दशकाच्या अखेरीस मॉसफेट कळा बाजारांत आल्या आणि वेग लाखांच्या घरांत गेला. मग डायोड झटकन बंद होणारा हवा, धारकाचा अंतर्गत रोध अल्प हवा, अशी निकड लागली. २०१० नंतर गॅलियम नायट्राइडच्या कळांनीं ही सीमा आणखी पुढें ढकलली.

तात्पर्य, आंकडा कागदावर लिहितो अभियंता, पण त्यावर सही करितो जथ्यांतील सर्वांत मंद भाग. त्यास न विचारतां वेग वाढविला, तर वेटोळें लहान होतें खरें. परंतु खिशांतील यंत्र तापतें आणि त्याची बॅटरी सायंकाळपूर्वींच संपते.