दंडाची पावती, नागरिकत्वाचा अर्ज आणि आपली आलोचना



अमरावती-अकोल्याच्या आपल्या समाजात बऱ्याच घरांतलं एखादं लेकरू आता अमेरिकेत असतं. आधी शिक्षण, मग नोकरी, मग ग्रीन कार्ड आणि पुढची पाच वर्षं झाली की नागरिकत्वाचा अर्ज. त्या वेळी घरी फोन येतो. "आई, सात वर्षांपूर्वी गाडी जोरात चालवली म्हणून दंड झाला होता. भरूनही टाकला. अर्जात विचारलंय. लिहू का?"

मग घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, दंड भरला, विषय संपला, कशाला उगाच कोळसा उगाळायचा? दुसरा म्हणतो, विचारलंय तर सांगून टाक. पहिल्या पक्षात बहुधा आपणच असतो, कारण लेकराचं काम अडू नये ही आईची धडपड असते. म्हणून हा प्रश्न आला कुठून, आणि आपलं शास्त्र अशा वेळी काय सांगतं, ते आज नीट बघू.

नागरिक करून घेण्याआधी माणसाची चालचलणूक विचारायची, ही अमेरिकेतली पद्धत त्या देशाच्या जन्माइतकीच जुनी आहे. १७९० च्या त्यांच्या पहिल्या कायद्यात अर्जदार चांगल्या चारित्र्याचा असावा अशी अट होती. त्याच कायद्यात तो गोरा आणि स्वतंत्र असावा अशीही अट होती. म्हणजे चारित्र्य कितीही चांगलं असलं तरी आपल्यासारख्यांना दार बंदच. १७९५ मध्ये राहण्याची मुदत दोन वर्षांवरून पाच वर्षं झाली आणि त्या काळात माणूस नीतीने वागला का हे बघायचं ठरलं. आज पोरं जी पाच वर्षं मोजतात, ती तिथपासूनची.

या दारावर उभ्या राहिलेल्या एका माणसाची गोष्ट सांगते. सखाराम गणेश पंडित. नाव ऐकून आपल्याच गल्लीतले वाटतील, पण ते जन्मले अहमदाबादला. ते अमेरिकेत गेले, १९१४ मध्ये कॅलिफोर्नियात त्यांना नागरिकत्व मिळालं आणि पुढे ते वकील झाले. भारतीय माणूस 'गोरा' या शब्दात बसतो का, हा प्रश्न तेव्हाच न्यायाधीशांसमोर उघडपणे आला होता आणि त्यांनी तपासून निर्णय दिला होता. पुढे १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने गोरा नाही असं ठरवलं. त्या खटल्यात थिंद यांच्या बाजूच्या वकिलांत पंडितही होते. त्यानंतर सरकारने ज्यांना आधी नागरिकत्व मिळालं होतं त्या भारतीयांचं नागरिकत्व परत काढून घ्यायला सुरुवात केली आणि पंडितांवरही दावा लावला. पण ते जिंकले. १९२६ मध्ये अपील न्यायालयाने सांगितलं की हा प्रश्न १९१४ मध्येच रीतसर तपासून निकाली निघालेला आहे, सरकारला तो पुन्हा उकरता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९२७ मध्ये त्यात हात घातला नाही. सगळं आधीच उजेडात तपासलं गेलं होतं, तेच शेवटी त्यांच्या कामी आलं. भारतीयांसाठी कायद्याचं दार मात्र १९४६ मध्ये उघडलं, आणि मोठ्या संख्येने आपली माणसं जायला लागली ती १९६५ च्या कायद्यानंतर.

आता दंडाच्या पावतीकडे येऊ. २०१७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात दिव्ना मास्लेनजॅक या बाईंचा खटला चालला. त्या बोस्नियातून निर्वासित म्हणून आल्या होत्या आणि नवऱ्याच्या लष्करी नोकरीबद्दल खोटं बोलल्या होत्या. पुढे त्यांना नागरिकत्व मिळालं आणि नंतर ते खोटं उघडकीस आलं. त्या सुनावणीत सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी स्वतःचंच उदाहरण दिलं. ताशी पंचावन्न मैलांच्या रस्त्यावर मी एकदा साठने गाडी चालवली होती, पकडला गेलो नाही. अर्जात 'अटक झाली नाही असा एखादा गुन्हा केलाय का' असं विचारलंय, तिथे मी 'नाही' लिहिलं तर वीस वर्षांनी माझं नागरिकत्व काढून घेणार का, अशा अर्थाचा त्यांचा प्रश्न होता. सरकारी वकिलांचं उत्तर, हो, तेही सांगायला हवं, असंच होतं. न्यायाधीशांना ते पटलं नाही. त्यांनी निकाल दिला की खोटं बोलल्याबद्दल नागरिकत्व काढायचं असेल, तर त्या खोट्याचा नागरिकत्व मिळण्याशी काही संबंध असला पाहिजे.

हे वाचून पहिला पक्ष म्हणेल, मग झालं तर! बारीकसारीक लपवलं तर चालतंय की! थांबा जरा. १९८८ च्या कुंगिस खटल्यात त्याच न्यायालयाने आणखी एक गोष्ट सांगून ठेवली आहे. फायदा मिळावा या हेतूने शपथेवर तोंडी खोटं बोललं, तर ते खोटं किती किरकोळ होतं हे बघायचं कारण नाही. त्या बोलण्यानेच चारित्र्याची अट मोडते. आणि नागरिकत्वाच्या मुलाखतीत अधिकारी शपथ देऊनच अर्जातले प्रश्न एकेक करून विचारतो. म्हणजे दंड होता गाडी जोरात चालवल्याचा, त्याने नागरिकत्व सहसा अडत नाही. पण तो लपवायला शपथेवर 'नाही' म्हटलं, तर अडवायला एक नवंच कारण आपण आपल्या हाताने दिलं.

हे फक्त अमेरिकेचंच आहे असं समजू नका. कागदावर आपण कोण, हा प्रश्न वऱ्हाडाला नवा नाही. १८५३ च्या तहानंतर वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला, १९०२ मध्ये तो वर्षाला पंचवीस लाख रुपयांच्या मोबदल्यात कायमच्या भाडेपट्ट्याने त्यांच्याकडे राहिला, पण कायद्याने मुलूख निजामाचाच होता. आपले पणजोबा सारा भरत इंग्रजांच्या कचेरीत आणि कागदावर प्रजा होती निजामाची! पुढे स्वतंत्र भारताचा नागरिक कोण, यावर ऑगस्ट १९४९ मध्ये घटना समितीत चर्चा झाली, तेव्हा आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख तिथे उभे राहिले. केवळ इथे जन्म झाला एवढ्यावर नागरिकत्व दिलं तर ते जगात सगळ्यांत स्वस्त होईल, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांची दुरुस्ती मंजूर झाली नाही, त्यातल्या हिंदू आणि शीख यांच्यासाठीच्या कलमावर तर तेव्हाच वाद झाला. पण नागरिकत्व ही सहज उचलून घ्यायची वस्तू नाही, हा त्यांचा मुद्दा समजण्यासारखा आहे. नंतर १९५५ चा आपला नागरिकत्व कायदा आला. त्यातही बाहेरून येऊन नागरिक होऊ पाहणाऱ्याचं चारित्र्य चांगलं असावं अशी अट आहे, आणि महत्त्वाची गोष्ट लपवून नागरिकत्व मिळवलं असेल तर ते काढून घेण्याची तरतूद आहे. पासपोर्टचंही तेच. १९६७ च्या कायद्याने माहिती दडवून पासपोर्ट मिळवणं हा गुन्हा आहे.

आणि अमरावतीत, अकोल्यात पोलीस भरतीची, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी पोरं तर गल्लोगल्ली आहेत. निवड झाल्यावर चारित्र्य पडताळणीचा फॉर्म येतो आणि तिथे हाच प्रश्न असतो. २०१६ मध्ये अवतार सिंग खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की माहिती खरीच दिली पाहिजे; लहान वयात घोषणा दिल्यासारखं किरकोळ प्रकरण असेल तर नोकरी देणारा ते सोडून देऊ शकतो. म्हणजे माफीला जागा ठेवली आहे, पण ती माफी त्याच्या हातात आहे. आपणच आपल्याला माफ करून रकाना कोरा ठेवायचा नाही.

आता आपल्या घरातलं बघा. तत्त्वार्थसूत्रात प्रायश्चित्ताचे नऊ प्रकार सांगितले आहेत आणि त्यातला पहिला आहे आलोचना. आलोचना म्हणजे गुरूसमोर आपला दोष जसा घडला तसा सांगणं. उपवास, त्याग हे सगळं त्यानंतर. आधी सांगायचं. आणि माणूस सांगतानाही कशी लबाडी करतो हे आपल्या आचार्यांना पक्कं ठाऊक होतं, म्हणून त्यांनी आलोचनेचे दहा दोष मोजून ठेवले. शिवार्यांच्या भगवती आराधनेत ते आले आहेत. अर्ज पुढ्यात ठेवून त्यातले काही वाचा.

'दृष्ट' म्हणजे दुसऱ्याने पाहिलेला दोष तेवढाच सांगायचा. आपली पोरं म्हणतात, त्यांच्या कॉम्प्युटरवर असेल तेवढंच लिहितो. 'बादर' म्हणजे मोठं सांगायचं आणि बारीक गाळायचं. 'सूक्ष्म' त्याच्या उलट, बारीक दोष सांगून भलेपणा मिळवायचा आणि मोठा पोटात ठेवायचा. गाडीच्या वेगाचा दंड लिहिला आणि दारू पिऊन गाडी चालवल्याचा खटला गाळला, तर तो हाच दोष. 'छन्न' म्हणजे आपलं नाव न घेता विचारायचं, 'समजा एखाद्याकडून असं झालं असेल तर काय होतं?' 'शब्दाकुलित' म्हणजे गोंगाटात पुटपुटायचं, कोणाला नीट ऐकूच जाऊ नये असं. 'बहुजन' म्हणजे एका गुरूने सांगितलेलं पटलं नाही म्हणून दहा जणांना विचारत फिरायचं. आणि 'तत्सेवी' म्हणजे ज्याने स्वतः तेच केलंय त्याच्याकडे जायचं, कारण तो रागावणार नाही. 'मी पण नव्हतं लिहिलं, मला काही झालं नाही' असं सांगणारा मित्र आठवला का?

सत्य अणुव्रताच्या अतिचारांत आणखी दोन शब्द आहेत. 'कूटलेखक्रिया' म्हणजे खोटा लेख लिहिणं, आणि 'मिथ्योपदेश' म्हणजे खोटा सल्ला देणं. पहिला अर्ज भरणाऱ्याला लागतो. दुसरा फोनच्या या टोकाला बसलेल्या आपल्याला लागतो. 'कशाला सांगतो, कोणाला कळतंय' हे म्हणताना अतिचार आपल्या खात्यावर पडतो, हे आपण सहसा लक्षातच घेत नाही.

अर्थात गुरू वेगळा आणि सरकारी अधिकारी वेगळा. गुरूसमोर आपण मन हलकं करायला जातो, अधिकाऱ्यापुढे काम करून घ्यायला. पंडितांच्या काळातला कायदा तर रंग बघून दार लावणारा होता, म्हणजे विचारणारा नेहमी न्यायीच असतो असंही नाही. म्हणून अधिकाऱ्यापुढे न विचारलेलं सांगत बसायचं कारण नाही. पण विचारलेल्याचं उत्तर खरं द्यायचं, आणि ते त्याच्यासाठी नाही, आपल्यासाठी. आपल्याकडे मायेला, म्हणजे कपटाला, शल्य म्हटलं आहे. शल्य म्हणजे आत मोडलेला काटा. कापूस वेचणाऱ्या बाईला विचारा, पायात सराटा मोडला की वरून काही दिसत नाही, पण प्रत्येक पावलाला तो टोचतो. दंडाची पावती एका दिवसात संपली होती. लपवलेलं 'नाही' मात्र पासपोर्ट नवा करताना, आईवडिलांना बोलावून घ्यायचा अर्ज भरताना, प्रत्येक वेळी आठवत राहतं.

व्यवहाराचं थोडं सांगते. अमेरिकेच्या अर्जात अटकेबरोबर पोलिसांनी दिलेल्या दंडाच्या पावतीबद्दलही विचारलेलं असतं, आणि नोंद पुसली गेली असं कोणी सांगितलं असलं तरी सांगावं लागतं. अटक झाली नसेल, दंड पाचशे डॉलरपेक्षा कमी असेल आणि दारू वा अमली पदार्थांचा संबंध नसेल, तर त्याचे कागद जोडायची गरज सूचनांमध्ये ठेवलेली नाही. पण कागद न जोडणं वेगळं आणि न सांगणं वेगळं. दारू पिऊन गाडी चालवल्याची गोष्ट मात्र साधी धरू नका. २०१९ पासून, त्या पाच वर्षांत अशा दोन शिक्षा झाल्या असतील तर चारित्र्य चांगलं नाही असं आधी गृहीतच धरतात. अशा वेळी, किंवा कधी अटक झाली असेल तर, अर्ज पाठवण्याआधी तिथल्या जाणत्या वकिलाला सगळं सांगावं. एकालाच, पण पूर्ण. तारीख, ठिकाण, दंड किती आणि भरल्याचा पुरावा हे एका कागदावर मांडून ठेवावं. आणि पोराने विचारलं तर आपण एवढंच म्हणावं, "लिही. काही अडलं तर आम्ही आहोत."

पर्युषणात कोणी मिच्छामि दुक्कडं म्हणतं, कोणी उत्तम क्षमा म्हणतं, आणि आपण वर्षभराचं सगळं एका शब्दात गुंडाळतो. या वेळी प्रतिक्रमणाला बसाल तेव्हा ते दहा दोष एकदा वाचा. मुलांनाही वाचून दाखवा, त्यांना अर्ज भरताना उपयोगी पडतील.

जय जिनेंद्र.