पत्र त्याचं, भुर्दंड आपल्याला : स्पॅमचा इतिहास आणि आपलं पालघर

"मेल मिळाला नाही? स्पॅममध्ये बघा जरा" हे वाक्य आता आपल्या बोलण्यात इतकं मुरलंय की त्यामागे मोठा इतिहास आहे हे लक्षातच येत नाही. आज तो थोडक्यात मांडतो. कारण त्यातला एक धागा थेट आपल्या पालघरपर्यंत येतो.

सुरुवात 3 मे 1978 ची. अमेरिकेत तेव्हा इंटरनेट नव्हतं, त्याचा पूर्वज अर्पानेट होता. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या संगणक कंपनीतल्या गॅरी थुर्क यांनी नव्या मशीनच्या प्रात्यक्षिकाचं आमंत्रण एकदम सुमारे 400 जणांना धाडलं. पत्त्यांची यादी इतकी लांबली की ती मजकुरातच घुसली. लोक भडकले. जाळं सरकारी कामासाठी आहे, जाहिरातीसाठी नाही, अशी समजही कंपनीला मिळाली. पण थुर्क पुढे सांगत राहिले की त्या एका मेलमुळे लाखो डॉलरची विक्री झाली. फुकटात गिऱ्हाईक मिळतं हे एकदा कळल्यावर पुढचं थांबणार कसं?

1982 मध्ये मेल पोचवण्याचे नियम ठरले, एसएमटीपी. जॉन पोस्टेल यांनी लिहिलेले. जाळ्यावर तेव्हा बहुतेक संशोधक, एकमेकांवर विश्वास असलेली माणसं. त्यामुळे पाठवणाऱ्याच्या जागी कुणाचंही नाव लिहिलं तरी ते खरं की खोटं, हे तपासायची सोय त्या नियमांत नव्हती. शिवाय तिकिटाचा खर्च नाही. जुन्या मंडळींना नॉटपेड पत्र आठवत असेल, पाठवणारा मोकळा आणि पैसे भरायचे घेणाऱ्याने. स्पॅम म्हणजे तेच. जागा, डेटा, वेळ, सगळं घेणाऱ्याचं जातं.

एप्रिल 1994 मध्ये अ‍ॅरिझोनातल्या कँटर आणि सीगल या वकील जोडप्याने ग्रीन कार्ड लॉटरीची जाहिरात युजनेटच्या हजारो चर्चागटांवर एकाच वेळी टाकली. त्यानंतर 'स्पॅम' हा शब्द सर्वतोमुखी झाला. मूळचा तो डबाबंद मांसाचा ब्रँड. माँटी पायथनच्या एका विनोदी प्रसंगात हॉटेलातल्या प्रत्येक पदार्थात स्पॅम असतंच, तिथून हा अर्थ चिकटला.

मग बंदोबस्त सुरू झाला. 1997 च्या सुमारास पॉल विक्सी आणि सहकाऱ्यांनी त्रासदायक सर्व्हरची काळी यादी काढली. 2002 मध्ये पॉल ग्रॅहॅम यांनी शब्दांच्या संभाव्यतेवरून स्पॅम ओळखायची रीत मांडली. 2004 मध्ये अमेरिकेचा कायदा लागू झाला, पण त्यात आधी परवानगी घ्या असं नव्हतं. नको म्हटल्यावर थांबा, एवढंच. त्याच वर्षी बिल गेट्स दावोसला म्हणाले, दोन वर्षांत स्पॅम संपेल. संपला का, ते आपला इनबॉक्स सांगतोच.

खरा फरक पडला तो ओळखपत्रांमुळे. ती तीन आहेत. एसपीएफ म्हणजे आपल्या डोमेनच्या नावाने कोणकोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची जाहीर यादी. डीकेआयएम म्हणजे प्रत्येक मेलवर डिजिटल शिक्का. आणि 2012 मध्ये आलेलं डीमार्क सांगतं, ही तपासणी फसली तर त्या मेलचं काय करायचं. 1982 ची फट बुजवायला ही तीन ठिगळं लागली.

आता आपल्याकडे या. 2008 च्या दुरुस्तीने माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम 66अ आलं. त्याच्या 'क' पोटकलमात त्रास देण्यासाठी किंवा पाठवणाऱ्याची ओळख लपवून केलेला ईमेल हा गुन्हा ठरवला होता. म्हणजे स्पॅमला लागू पडेल अशी तरतूद. पण कलमाचे शब्द इतके सैल की नोव्हेंबर 2012 मध्ये, बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदवर फेसबुकवर लिहिल्याबद्दल पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली, त्यात हेच कलम लावलं गेलं. 24 मार्च 2015 रोजी श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते अख्खं रद्द केलं. योग्यच केलं. पण त्याबरोबर 'क' पोटकलमही गेलं. फोन आणि एसएमएससाठी ट्रायचे नियम आहेत, मेलच्या स्पॅमसाठी स्वतंत्र कायदा आजही नाही.

ती मोकळी जागा कंपन्यांनी भरली. फेब्रुवारी 2024 पासून गुगलने दिवसाला 5000 च्या वर मेल पाठवणाऱ्यांना आणि याहूने मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही ओळखपत्रं सक्तीची केली. एका क्लिकवर यादीतून बाहेर पडता आलं पाहिजे, आणि 'हा स्पॅम आहे' अशा तक्रारी हजारात तीनच्या खाली राहिल्या पाहिजेत. नियम चांगलेच आहेत. पण ते संसदेत ठरलेले नाहीत. अपील करायचं झालं तर कुठे करणार?

मी एका छोट्या वाचनालयाचं मासिक पत्र मेलने पाठवायचं काम बघतो, म्हणून हे जवळून दिसतं. मोठ्या कंपनीकडे यासाठी पगारी माणसं असतात. वाचनालय, पतसंस्था, दिवाळी अंक काढणारं मंडळ यांच्याकडे नसतात, आणि सभेची नोटीस स्पॅममध्ये पडली की सभासदाचा हक्कच बुडतो.

तेव्हा अशी संस्था चालवत असाल तर तीन गोष्टी करा. डोमेन देणाऱ्याकडून ती तिन्ही ओळखपत्रं लावून घ्या. ज्यांनी स्वतः पत्ता दिला त्यांनाच मेल पाठवा, विकत घेतलेली यादी नको. बंद पडलेले पत्ते दर महिन्याला काढून टाका. आणि सभासद असाल तर महिन्यातून एकदा स्पॅमचा कप्पा उघडा, आपल्या संस्थेचं पत्र दिसलं तर 'स्पॅम नाही' दाबा. पुढच्या वेळी ते इनबॉक्समध्ये यायची शक्यता त्याने वाढते.