दिव्याला आडोसा

दिवा लावणे ही माणसाची फार जुनी हौस आहे. पण लावलेल्या दिव्याला आडोसा करणे, ही त्या हौसेहून मोठी अक्कल म्हटली पाहिजे. जुन्या घरांत भिंतीला कोनाडा असे. पणती त्यात ठेवली की वाऱ्याने विझत नसे आणि रांगत्या पोराचा हातही तिथवर पोचत नसे. पुढे घासलेट आले. उघड्या चिमणीने कुठे छप्पर, कुठे कुणाचा पदर पेटला, तेव्हा लोक काचेच्या कंदिलाकडे वळले. देवळापुढची दीपमाळ पाहा. तिच्यावरच्या बहुतेक ज्योती माणसाच्या डोक्याच्या वर जळतात. आकाशकंदिलात उघडा दिवा दिसतच नाही, दिसतो तो कागदातून झिरपलेला उजेड. आणि तोही उंच टांगलेला. तात्पर्य, दिव्याच्या बाबतीत आपल्या वाडवडिलांनी दोन गोष्टी सांभाळल्या : आडोसा आणि उंची.

श्रोते हो, अलीकडे आपल्या सणांत एक नवा दिवा शिरला आहे, लेसर. त्याला आडोसा कसा करावा, हे मात्र अजून आपल्या अंगवळणी पडलेले नाही. आज त्याचाच विचार करू. त्यासाठी कर्जत तालुक्यातले कशेळे गाव डोळ्यांपुढे ठेवू. नव्या उजेडाशी या मुलखाचा संबंध मोठा विलक्षण आहे.

कशेळे कर्जत-मुरबाड रस्त्यावर आहे. पूर्वेला सह्याद्रीची भिंत, आंबिवलीच्या अंगाला कोथळीगड, पुढे खांडसवरून भीमाशंकरची चढण आणि आजूबाजूला ठाकरांच्या व कातकऱ्यांच्या वाड्या. याच डोंगराच्या माथ्यावरचे पाणी खाली सोडून टाटांनी वीज केली. पहिले वीजघर खालापूर तालुक्यातल्या खोपोलीस १९१५ साली चालू झाले. दुसरे १९२२ साली कर्जत तालुक्यातल्या भिवपुरीस उभे राहिले. त्याला मावळातल्या ठोकरवाडीच्या धरणाचे पाणी मिळते. वीज तारांवरून मुंबईला गेली, गिरण्या चालू लागल्या, शहर उजळले. गंमत अशी की, ज्यांच्या डोक्यावरून त्या तारा गेल्या, त्या खेड्यांतून मात्र पुढे कित्येक वर्षे चिमणीच मिणमिणत होती. पाणी तेवढे वाट्याला आले. वीज करून सुटलेल्या पाण्यावर राजनाल्याच्या कालव्याने कर्जतकडच्या शेतांत उन्हाळी भात पिकू लागले.

१९४२ च्या लढ्यात माथेरानच्या भाई कोतवालांच्या आझाद दस्त्याने या वीजवाहिनीचे मनोरेच पाडले. मुंबईतल्या युद्धकामाच्या कारखान्यांची वीज तोडायची, हा त्यामागचा हेतू. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. त्या डोंगरातल्या लोकांना तार म्हणजे काय, मनोरा म्हणजे काय, हे दिव्याचे बटण दाबण्याआधीच ठाऊक झाले होते.

मग १९६० साल उजाडले. १ मे रोजी महाराष्ट्र राज्य झाले आणि त्याच साली राज्याचे वीज मंडळही स्थापन झाले. खेडोपाडी खांब जाऊ लागले. त्याच मे महिन्याच्या १६ तारखेस तिकडे अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या एका प्रयोगशाळेत, थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीतून जगातला पहिला लेसर किरण काढला. एकीकडे आपल्या खेड्यात साधा बल्ब येत होता आणि दुसरीकडे हा अगदी निराळ्या जातीचा दिवा जन्मास येत होता. दोघांची गाठ पडायला पुढे अर्धे शतक जावे लागले.

लेसरची मूळ कल्पना आइन्स्टाइन यांची, १९१७ सालची. अणूला आधी ऊर्जा देऊन ठेवावी, मग त्याच्यावर प्रकाशाचा एक कण आदळला की त्याच्यासारखाच दुसरा कण बाहेर पडतो, असे त्यांनी गणिताने दाखविले. या शास्त्रात आपल्याकडच्या माणसांचाही हात आहे. बारामतीस जन्मलेले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५८ साली पदवी घेऊन बाहेर पडलेले कुमार पटेल यांनी १९६४ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत कार्बन डायऑक्साइड वायूचा लेसर बनविला. तो पुढे कारखान्यांत पत्रे कापू लागला. मुंबईत तुर्भ्याच्या अणुशक्ती केंद्रातही साठीच्या दशकातच अर्धवाहकाचा लेसर तयार झाला. लेसर हा तमाशाचा दिवा नव्हता, तो कामाचा दिवा होता. १९७३ साली लॉस एंजेलिसच्या एका तारांगणात संगीताबरोबर लेसरचे खेळ तिकीट लावून सुरू झाले, आणि तेव्हापासून त्याला करमणुकीची वाट सापडली.

पूर्वी लेसर म्हणजे महागडे, जड यंत्र. अर्धवाहकाचे लेसर स्वस्त झाले, तसे ते डबीत मावू लागले. सुमारे २०१५ पासून परदेशांत नाताळासाठी घराच्या भिंतीवर हिरव्या-तांबड्या चांदण्या पाडणारे प्रक्षेपक घरोघर दिसू लागले. आपल्याकडे तेच यंत्र दिवाळीला, गणपतीला, लग्नाच्या हळदीला आले. मुंबईकरांची फार्महाउसे ज्या कर्जतच्या खोऱ्यात झाली, तिथे ते येणारच. आणि एका अंगणात चांदण्या पडल्या की शेजारच्या अंगणात त्या हव्याशा वाटतात, हेही ओघानेच आले.

तुम्ही म्हणाल, "एवढ्याशा डबीनं काय व्हायचंय? साठचा बल्ब त्याहून मोठा असतो." नेमके इथेच लक्ष द्यायला हवे. बल्बचा प्रकाश चहूकडे पांगतो. दुप्पट अंतरावर गेलात की तो चौथा हिस्सा उरतो. लेसरचा किरण दूरवर जाऊनही फारसा पांगत नाही. तो डोळ्यात शिरला की डोळ्याचे भिंग त्याला गोळा करून दृष्टिपटलावर सुईच्या टोकाहूनही लहान ठिपक्यात आणते, आणि त्याची तीव्रता लाखपटीच्या घरात वाढते. भिंगाने ऊन गोळा करून कागद जाळायचा खेळ आपण सगळ्यांनी खेळला आहे. इथे कागदाच्या जागी आपलेच दृष्टिपटल असते. ते जळताना दुखत नाही, आणि मेलेला भाग पुन्हा उगवत नाही. भाजला तो मधला पीतबिंदू असेल, तर वाचणे, सुई ओवणे, समोरच्याचा चेहरा ओळखणे कायमचे अवघड होते.

हे पुस्तकातले भय नव्हे. २०२३ च्या गणेश विसर्जनानंतर नाशिक आणि पुण्याच्या नेत्रतज्ज्ञांकडे दृष्टिपटलाला इजा झालेले तरुण आले. मिरवणुकीत नाचताना लेसर त्यांच्या डोळ्यांवर आला होता. २०२४ साली कोल्हापूरकडेही आगमनाच्या मिरवणुकीत असाच प्रकार घडला. त्या वर्षी पुणे पोलिसांनी गणेशोत्सवात लेसरला मनाई केली. त्याच साली हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढेही गेला, तेव्हा अशा लेसरच्या वापरासाठी वेगळा कायदा नाही, ही उणीव पुढे आली. मिरवणुकीत दिसणारी ‘शार्पी’ आणि लेसर मात्र एक नव्हेत. शार्पी हा झोताचा मोठा दिवा आहे. तोही डोळे दिपवतो, परंतु लेसरचा धोका त्याहून वेगळा आणि खोल आहे.

आता घरगुती प्रक्षेपकाकडे वळू. मिरवणुकीतल्या यंत्राच्या मानाने तो पुष्कळ सौम्य असतो. निदान असायला हवा. त्याच्या आत एखाददुसराच किरण असतो. पुढच्या बारीक रेघांच्या काचेतून जाताना त्याचे शेकडो किरण होतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला थोडीशी ऊर्जा येते. ही काच म्हणजेच या दिव्याचा आडोसा. ती फुटली, निसटली किंवा कुणी उत्सुकतेने काढली, की सगळा किरण अखंड बाहेर येतो. म्हणून पडलेला, काच तडकलेला प्रक्षेपक दुरुस्तीच्या भरीस न पडता बाद करावा. पोरांच्या हाती पेचकस देऊन तो उघडू तर मुळीच नये.

विकत घेताना पेटीवर वर्ग पाहावा. डोळ्याला दिसणाऱ्या लेसरचे वर्ग जगभर ठरलेले आहेत. दुसऱ्या वर्गात १ मिलिवॅटपर्यंत शक्ती असते, आणि डोळा आपोआप मिटायला लागणारा पाव सेकंद तिथे बहुधा पुरतो. ‘३-आर’ची मर्यादा ५ मिलिवॅट, ‘३-बी’ची ५०० मिलिवॅट आणि त्यावरचा चौथा. घरच्या शोभेला दुसऱ्या वर्गाचा घ्यावा, फार तर ‘३-आर’चा. ‘३-बी’ आणि चौथा हे अंगणात आणायचे दिवे नव्हेत. त्यांना जाणकार माणूस लागतो. पेटीवर वर्गच छापलेला नसेल, तर दुकानदार कितीही शपथा घेवो, ती पेटी दुकानातच राहू द्यावी. छापलेल्यावरही आंधळा विश्वास नको. काही हिरव्या लेसरांत आधी अदृश्य अवरक्त किरण तयार होतो आणि त्यातून हिरवा निघतो. २०१० साली अमेरिकेच्या मानक संस्थेतील शास्त्रज्ञांनी १० मिलिवॅट लिहिलेली एक स्वस्त हिरवी लेसरकांडी तपासली, तर तिच्यातून जवळजवळ २० मिलिवॅट अदृश्य किरण बाहेर पडत होते. जो किरण दिसत नाही, त्याला डोळा मिटत नाही.

मांडणी कशी करावी, हे आपल्या दीपमाळेने आधीच शिकवून ठेवले आहे. हे प्रक्षेपक जमिनीत खिळा ठोकून वर तोंड करून लावण्यासाठी बनवलेले असतात. पण अंगणात पोरे असतात, आणि पोर काय करते? "उजेड कुठून येतो गं आई?" म्हणत खाली वाकून थेट भोकात डोळा लावते. म्हणून प्रक्षेपक पडवीच्या वाशाला किंवा भिंतीला उंच, मुलांच्या हाताबाहेर आवळून बसवावा. झोत अशा भिंतीवर पाडावा, की मधून कुणाची ये-जा नाही. प्रेक्षक उभे असतात तिथल्या जमिनीपासून किरण ३ मीटरच्या वर राहावेत, असा मोठ्या प्रयोगांचा दंडक आहे. घरीही तोच बरा. चुन्याची किंवा मातीची खरखरीत भिंत सर्वांत चांगली, कारण तिच्यावर किरण पांगून जातो. खिडकीची काच, आरसा, गाडीचा आरसा, घासून लख्ख केलेली पितळी भांडी यांच्यावरून मात्र तो जसाच्या तसा उलटतो. झोत कशेळ्याच्या रस्त्याकडे जाऊ नये. वळणावर मोटारसायकलस्वाराला क्षणभर दिसेनासे झाले, तरी तेवढ्यात अनर्थ होतो. गणपती तर पावसातलाच सण. तेव्हा जोडणी पावसापासून झाकलेली, प्लग आर्थिंगचा आणि रात्री निजताना यंत्र बंद, हे सांगायला नकोच.

आणखी एक दिशा वर्ज्य करावी, ती म्हणजे आकाशाची. भिंतीच्या कडेवरून निसटलेला किरण किलोमीटर-किलोमीटर जातो. अमेरिकेत नाताळाच्या या शोभेमुळे वैमानिकांचे डोळे दिपल्याच्या तक्रारी झाल्या आणि तिथल्या विमान खात्याला लोकांना बजावावे लागले. आपल्या रायगड जिल्ह्यातही आता उलव्यास नवी मुंबईचा विमानतळ आहे. २०२५ च्या डिसेंबरात तिथून उड्डाणे सुरू झाली. तेव्हा चांदण्या भिंतीवरच पडू द्याव्यात. कशेळ्याच्या आभाळात देवाने दिलेल्या पुष्कळ आहेत.

इतके करूनही कुणाच्या डोळ्यावर झोत आलाच, तर डोळा चोळू नये. नजरेपुढे डाग दिसू लागला, रेषा वाकड्या दिसल्या किंवा अंधुक वाटले, तर "सकाळपर्यंत जाईल" म्हणून थांबू नये. वर सांगितले तसे, दुखत नाही म्हणजे काही झाले नाही, असे नव्हे. दृष्टिपटल तपासणाऱ्या डॉक्टरांकडे लवकर जावे. कशेळ्याहून त्यासाठी कल्याण, पनवेल किंवा मुंबई गाठावी लागते. खर्च होतो, रोजगार बुडतो, आणि एवढे करून गेलेली नजर परत येईलच असे नाही. वाडीवरच्या मुलाला ही किंमत परवडणारी नाही, आणि फार्महाउसवाल्याच्या मुलालाही नाही.

कायदा व्हायचा तेव्हा होईल. पण कोनाडा, कंदिलाची काच, दीपमाळेची उंची या गोष्टी कायद्याने आलेल्या नाहीत. एकाने केले, शेजाऱ्याने पाहिले आणि रीत पडली. आषाढात दिव्याची अवस येते. घरातले दिवे काढून, घासून, वाती बदलून त्यांची पूजा करतात. त्या दिवशी हा नवा दिवाही पेटीतून बाहेर काढावा, बंद असतानाच त्याची काच, वायर, पट्टी नीट पाहावी आणि यंदा त्याला कुठे उंच जागा द्यायची, ते घरात बसून ठरवावे. मग गणपतीत आणि दिवाळीत चांदण्या भिंतीवर खुशाल पडू देत. पाहणाऱ्याचे डोळे शाबूत राहिले, तरच त्या रोषणाईला शोभा.