मीठ : गुणवत्ता-मानके

एखाद्या वस्तूचे घटक, शुद्धता, माप आणि तपासणीची पद्धत यांविषयी विचारविनिमयाने ठरविलेल्या लेखी निकषांस मानक असे म्हणतात. मानकाच्या अभावी ग्राहकास विक्रेत्याच्या शब्दावर विसंबावे लागते. मिठाचे दोष नुसत्या पाहण्याने कळत नसल्यामुळे तेथे मानकाची गरज विशेष भासते. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील शिरोडा (ता. वेंगुर्ले) येथील मिठागरांच्या संदर्भात या विषयाचे निरनिराळे पैलू स्पष्ट होतात.

समुद्राच्या पाण्याची घनता सु. ३ बोमे अंश असते. उन्हाने ते आटत जाऊन सु. २५ अंशांस पोहोचले, की मिठाचे स्फटिक बनू लागतात. सु. २९ अंशांपुढे उरणाऱ्या कडवट मातृद्रवातून मॅग्नेशियमाची लवणे मिठात उतरतात. असे मीठ कडसर लागते व हवेतील ओलावा शोषून पाझरते. म्हणून ते द्रव वेळीच काढून टाकणे, हे मिठाच्या गुणवत्तेचे मर्म होय. पारंपरिक मिठागरांत ही वेळ अनुभवी नजरेने साधली जाई. मानकामुळे तिला मोजता येणारी कसोटी लाभली.

ब्रिटिश अमलात मिठाचे नियमन मुख्यतः महसुलासाठी होते. परवान्यावाचून मीठ तयार करणे गुन्हा ठरे. मे १९३० मध्ये शिरोड्यास झालेला मिठाचा सत्याग्रह या निर्बंधाविरुद्ध होता. १९४७ मध्ये मीठ-कर रद्द झाला व त्याच वर्षी भारतीय मानक संस्था स्थापन झाली. तिचे कार्य १९८७ पासून भारतीय मानक ब्यूरोकडे आले. अन्न भेसळ प्रतिबंधक नियमांनुसार खाद्य मिठात, ओलावा वगळून, किमान ९६ टक्के सोडियम क्लोराइड असणे आवश्यक होते. ओलावा ६ टक्क्यांहून अधिक चालत नसे.

आयोडिनाच्या अभावी गलगंड होतो व गर्भाच्या मेंदूची वाढ खुंटते. यास्तव १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. आयोडिनयुक्त मिठात ग्राहकापर्यंत पोहोचताना दशलक्ष भागांत किमान १५ भाग आयोडीन असावे, असे ठरले. साठवणीत आयोडीन घटत असल्याने उत्पादनाच्या ठिकाणी ही मर्यादा अधिक ठेवण्यात आली. खाण्यासाठी साध्या मिठाच्या विक्रीवर १९९८ मध्ये घातलेली बंदी २००० मध्ये उठविण्यात आली व २००६ मध्ये पुन्हा लागू झाली. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नियम मूळ कायद्याच्या कक्षेबाहेरचा ठरविला; तथापि त्याच वर्षी अंमलात आलेल्या अन्न सुरक्षा विनियमांत निर्बंध कायम राहिला.

आयोडीन समप्रमाणात मिसळणे, त्याची तपासणी व वेष्टन यांस यंत्रे व भांडवल लागते. मोठ्या कारखान्यास हा खर्च सोसतो. लहान मिठागरास तो जड जातो. लोकांच्या आरोग्यासाठी मानक कठोर असावे लागते. परंतु ते पाळण्याची साधने लहान उत्पादकास सहकारी संस्था वा शासन यांच्यामार्फत उपलब्ध न झाल्यास परंपरागत व्यवसाय खाद्य मिठाच्या बाजारातून बाहेर पडतो. मानक ठरविताना या दोन्ही बाजूंचा विचार अगत्याचा ठरतो.