विद्यार्थी, विज्ञान आणि स्वभाषा : १८४८ च्या एका सभेचा विचार

विज्ञानाच्या एखाद्या शाखेत विद्यार्थ्यांची देशव्यापी संघटना उभारावयाची म्हटले की घटना, वर्गणी आणि पदाधिकारी यांचा विचार प्रथम होतो. व्यवहाराची भाषा कोणती, हा प्रश्न बहुधा उपस्थितच होत नाही. इंग्रजी गृहीत धरली जाते. महाराष्ट्रातील अशा स्वरूपाच्या एका आरंभीच्या प्रयत्नात मात्र हा प्रश्न स्थापनेच्या वर्षीच सोडविला गेला. त्या उत्तराचे स्वरूप तपासणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू होय.

१८४८ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधील आजी-माजी विद्यार्थ्यांनी व अध्यापकांनी ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापन केली. प्रा. पॅटन यांचे तिला प्रोत्साहन होते, आणि तिच्या आद्य कार्यकर्त्यांत दादाभाई नवरोजी होते. मुंबई विद्यापीठाची स्थापना त्यानंतर नऊ वर्षांनी, १८५७ साली झाली. म्हणजे विद्यापीठाच्या आधी विद्यार्थ्यांची सभा अस्तित्वात आली होती.

मूळ सभेची भाषा इंग्रजी होती. परंतु त्याच वर्षी तिच्या मराठी व गुजराती ज्ञानप्रसारक शाखा निघाल्या. मराठी शाखेचे अध्यक्षपद दादोबा पांडुरंग यांच्याकडे आले. १८३६ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध करणाऱ्या विद्वानाकडे ही धुरा यावी, हे अर्थपूर्ण आहे. १८५० पासून ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक निघू लागले. बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० मध्ये ‘दिग्दर्शन’ काढून जी वाट पाडली होती, तिच्यावरचे हे पुढचे पाऊल होते. एका व्यक्तीच्या परिश्रमाची जागा आता संस्थेने घेतली.

भाषाशास्त्राच्या दृष्टीने या रचनेचे मर्म असे. इंग्रजीत शिकलेला विषय मराठीत मांडताना संज्ञा संस्कृतातून घडवावी, बोलीतून उचलावी की इंग्रजीच ठेवावी, याचा निर्णय लेखकाला करावा लागतो. ज्याला कल्पना नीट उमगलेली नाही, त्याला हा निर्णय करता येत नाही. स्वभाषेत लिहिणे ही म्हणून आकलनाचीच कसोटी ठरते. शिवाय इंग्रजी न जाणणारा वाचक त्यामुळे ज्ञानाच्या कक्षेत येतो. १८४९ मध्ये सोसायटीच्या सभासदांनी मुलींच्या शाळा काढल्या व आरंभी स्वतःच तेथे विनावेतन शिकविले, ही घटना याच वृत्तीची द्योतक आहे.

या सभेला मर्यादा होत्या. ती देशव्यापी नव्हती. एका शहरातील इंग्रजीशिक्षित वर्गापुरतीच तिची घडण होती. तथापि एक केंद्र आणि भाषावार शाखा हे तिचे सूत्र आजही विचारार्ह आहे.

सोलापुरात त्याची प्रचीती सहज येते. मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू या चारही भाषा या शहराच्या घराघरांतून बोलल्या जातात. २००४ साली या एका जिल्ह्यासाठी स्वतंत्र विद्यापीठ झाले. घरी तेलुगू, बाजारात मराठी आणि प्रयोगशाळेत इंग्रजी वापरणारा येथील विद्यार्थी देशव्यापी संघटनेत सामील होतो, तेव्हा त्याच्या पहिल्या दोन भाषा दाराबाहेरच राहतात. संघटनेच्या घटनेतच भाषाशाखांना स्वतंत्र सभा व नियतकालिक यांचा अधिकार असेल, तर या विद्यार्थ्याकडून श्रोत्याऐवजी लेखकाची भूमिका अपेक्षिता येईल. केवळ सभासदसंख्येने संघटना राष्ट्रीय होत नाही. तिच्यात किती भाषांतून विचार होतो, यावरच ते ठरावयाचे.