एका वस्त्रकाराचा अधःपात

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या भागांतील एका महाविद्यालयानें मला वक्तृत्वस्पर्धेचा परीक्षक म्हणून बोलाविलें होतें. विषय होता ‘माझा आदर्श राष्ट्रपुरुष’. शिवछत्रपति, जोतीराव फुले, बाबासाहेब आंबेडकर, स्वामी रामानंद तीर्थ यांच्यावरील भाषणें झालीं आणि मग एक काटकुळा, तरतरीत मुलगा उभा राहिला. त्यानें हिटलर निवडला होता. शिस्त, देशाभिमान, संघटना, रुंद रस्ते, सारें यथास्थित सांगितलें. ज्यूंचा उल्लेख एकदांच आला. ते देशद्रोही होते म्हणून त्यांना बाहेर काढावें लागलें, एवढाच. मुलाचा आवाज खणखणीत होता, उच्चार शुद्ध होते, पाठांतर चोख होतें. मीं त्याला ५० पैकीं ४१ गुण दिले व दुसरें बक्षीस त्यास मिळालें. ज्याचा जन्म इतिहास शिकविण्यांत गेला त्या माझ्या मनाला त्या वेळीं कांहीं टोंचलें नाहीं. धारूरचा घाट चढून गाडी किल्ल्याच्या बाजूला आली तेव्हां मी त्या मुलाच्या आवाजाचाच विचार करीत होतों.

ती टोंचणी पुढें लागली ती एका शिंपीकाम करणाऱ्या माणसाच्या चरित्रामुळें. जॉन गॅलिआनो याच्यावर केव्हिन मॅकडोनल्ड यानें केलेला बोलपट माझ्या मुलीनें मला दाखविला. उंची पोषाखांच्या त्या जगाशीं माझा संबंध नाहीं. आमच्या तालुक्याचा संबंध कापसापर्यंत येतो आणि तेथेंच थांबतो. परंतु या माणसाच्या उत्कर्षापेक्षां त्याचा अधःपात मला अधिक शिकवून गेला, व त्यांतील इतिहास आपल्याकडे फारसा कोणी सांगितलेला नाहीं, म्हणून हा लेखनप्रपंच.

गॅलिआनोचा जन्म १९६० सालीं जिब्राल्टर येथें झाला. बाप नळकाम करणारा, आई स्पॅनिश. मुलगा सहा वर्षांचा असतां कुटुंब दक्षिण लंडनला आलें. सेंट मार्टिन्स या कलाविद्यालयांतून १९८४ सालीं बाहेर पडतांना त्यानें जे पोषाख मांडले त्यांची प्रेरणा फ्रेंच राज्यक्रांतींतील छानछोकी तरुणांच्या वेषांत होती, आणि ते सारेच्या सारे लंडनच्या एका नामांकित दुकानानें विकत घेतले. पुढें त्यानें दारिद्र्य पाहिलें, दिवाळें पाहिलें. १९९५ त जिव्हांशी या पॅरिसच्या पेढीनें आणि पुढच्याच वर्षीं डिऑरनें त्याला आपला प्रमुख कल्पक नेमलें. पंधरा वर्षेंपर्यंत त्या क्षेत्रांत त्याच्या तोडीचा माणूस विरळा होता. इंग्लंडच्या राणीनें २००१ त त्याला किताब दिला, फ्रान्सनें २००९ त ‘लेजिआं द’ऑनर’ दिलें. वर्षाकाठीं असंख्य पोषाखमाला निर्माण करण्याचा बोजा, मद्य, झोंपेच्या गोळ्या, आणि २००७ त उजव्या हातासारख्या सहकाऱ्याचा मृत्यु. या सर्वांचें पर्यवसान काय होणार हें आज बोलपट पाहतांना पहिल्या अर्ध्या तासांतच उमगतें. त्या वेळीं मात्र पैसा मिळवीत असलेल्या माणसाला कोणी हटकलें नाहीं.

२४ फेब्रुवारी २०११ च्या संध्याकाळीं पॅरिसच्या मारे भागांतील ‘ला पर्ल’ नांवाच्या मद्यगृहांत शेजारच्या मेजावरील एका जोडप्याला त्यानें ज्यू म्हणून आणि आशियाई म्हणून घाणेरड्या शिव्या दिल्या, अशी तक्रार झाली व पोलिसांनीं त्याला धरलें. दुसऱ्या दिवशीं डिऑरनें त्यास तात्पुरतें दूर केलें. त्यानंतर तीन दिवसांनीं लंडनच्या एका वृत्तपत्रानें, त्याच मद्यगृहांत कांहीं महिने आधीं कोणीं तरी फोनवर टिपलेलें एक चित्रण प्रसिद्ध केलें. त्यांत हा जगन्मान्य कलावंत जड जिभेनें सांगत होता कीं हिटलर आपल्याला आवडतो, आणि समोर बसलेल्यांच्या आयांना व वाडवडिलांना विषारी वायूनें मारलें गेलें असतें. १ मार्चला त्याला बडतर्फ करण्याची कारवाई जाहीर झाली. डिऑरच्या अत्तराची जाहिरात करणारी नटी नताली पोर्टमन ही जेरुसलेमांत जन्मलेली ज्यू. तिनें उघड धिक्कार केला. सप्टेंबरांत न्यायालयानें त्याला दोषी ठरविलें. सहा हजार युरोंचा दंड केला, पण तोही स्थगित ठेविला. वर्षभरानें फ्रान्सनें आपलें सन्मानचिन्ह परत घेतलें.

आतां कोणी म्हणेल, दारूच्या धुंदींतले चार शब्द; त्यांसाठीं एवढा अनर्थ? मलाही प्रथम तसेंच वाटलें. परंतु ते शब्द कोठें उच्चारले गेले तें पाहावें. मारे हा पॅरिसचा जुना ज्यू मोहल्ला. पूर्व युरोपांतून जीव घेऊन पळालेलीं गरीब ज्यू कुटुंबें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून येथें वस्तीस आलीं. त्यांचे धंदे कोणते? शिवणकाम, टोप्या करणें, कातड्याचीं व लोकरीचीं वस्त्रें करणें. ज्या कलेच्या शिखरावर गॅलिआनो बसला होता तिच्या पायथ्याशीं सुई ओढणारे हात ज्यांचे होते, तेच हे लोक. जून १९४२ पासून जर्मनव्याप्त फ्रान्सांत सहा वर्षांवरील प्रत्येक ज्यूला छातीवर कापडाचा पिंवळा तारा शिवून घेण्याची सक्ति झाली. माणशीं तीन तारे मिळत. आणि त्या काळीं कापड नियंत्रित असल्यामुळें, त्या ताऱ्यांच्या मोबदल्यांत प्रत्येकाच्या कापडाच्या रेशनांतून एक गुण कापून घेत. आपल्या अपमानाचें कापड माणसानें आपल्याच वाट्यांतून द्यावयाचें! हें वाचल्यावर मी पुस्तक मिटून अंगणांत येऊन बसलों. छळाच्या मोठाल्या आंकड्यांनीं मन बधिर होतें, पण असा हिशेब मनांतून जात नाहीं. पुढच्याच महिन्यांत, १६ व १७ जुलैला, फ्रेंच पोलिसांनींच पॅरिस व उपनगरांतून सुमारें तेरा हजार ज्यू पकडले. त्यांत चार हजारांहून अधिक मुलें होतीं. युद्ध संपेपर्यंत फ्रान्सांतून सुमारें शहात्तर हजार ज्यूंना पूर्वेकडे धाडण्यांत आलें. त्यांपैकीं जिवंत परतले ते अडीच हजारांच्या आसपास.

खुद्द डिऑरच्या घराण्याची कथाही या इतिहासापासून दूर नाहीं. संस्थापक ख्रिस्तिआं डिऑर व्यापलेल्या पॅरिसमध्यें ल्यूसिआं ललाँग याच्या पेढीवर नोकरी करीत होता, आणि त्याची धाकटी बहीण काथरीन गुप्तपणें प्रतिकार-चळवळींत काम करीत होती. १९४४ त ती पकडली गेली, तिचा छळ झाला, व राव्हेन्सब्रुकच्या छावणींत तिची रवानगी झाली. १९४५ त ती परतली. १९४७ त भावानें काढलेल्या पहिल्या अत्तराला जें ‘मिस डिऑर’ नांव पडलें तें तिच्यावरून. त्या घराण्याच्या गादीवर बसलेल्या माणसाच्या तोंडीं हिटलरची स्तुति यावी!

तथापि येथें एक गोष्ट नमूद केली नाहीं तर इतिहासाशीं प्रतारणा होईल. त्याच धंद्यांतील, त्याच शहरांतील गाब्रिएल शनेल हिनें युद्धकाळांत जें केलें तें शब्दापुरतें नव्हतें. तिच्या नांवाच्या अत्तराची कंपनी १९२४ त स्थापन झाली. तिचा मोठा हिस्सा व्हेर्थायमर या ज्यू बंधूंकडे होता. ज्यूंची मालमत्ता काढून घेणारे कायदे झाल्यावर १९४१ त बाईंनीं अधिकाऱ्यांकडे अर्ज केला, कीं ही ज्यूंची मालमत्ता असल्यामुळें ती आपल्याला मिळावी. व्हेर्थायमर मंडळी चतुर. त्यांनीं आधींच आपला हिस्सा एका विश्वासू ख्रिस्ती उद्योगपतीच्या नांवें केला होता, म्हणून डाव फसला. बाईंचा स्नेह एका जर्मन अधिकाऱ्याशीं होता. १९४४ त थोडी चौकशी झाली आणि त्या सुटल्या. स्वित्झर्लंडांत कांहीं वर्षें काढून १९५४ त त्या पुन्हा पॅरिसच्या रंगमंचावर आल्या, आणि नवल असें कीं त्यांना भांडवल पुरविलें तें त्याच व्हेर्थायमरांनीं. आज शनेलची पेढी त्याच कुटुंबाच्या मालकीची आहे. बाईंचें नांव जगांतील आयाबाया आजही कौतुकानें घेतात.

बोलणारा पडला आणि करणारी तरली. याचें एक कारण कायद्यांत आहे. धर्मावरून वा वंशावरून लोकांची बदनामी करणें हा गुन्हा ठरविणारा हुकूम फ्रान्सनें एप्रिल १९३९ मध्यें काढला होता. पुढच्या वर्षीं देश पडला, व्हिशीचें सरकार आलें, आणि ऑगस्ट १९४० मध्यें त्यानें तो रद्द केला. ताऱ्यांचा हुकूम यायला तेथून दोन वर्षेंही लागलीं नाहींत. आधीं जीभ मोकळी सोडण्यांत आली, मग हात. हा अनुभव गांठीं असल्यामुळेंच १९७२ त फ्रान्सनें कायदा पुन्हा कडक केला, व त्या कायद्याखालीं गॅलिआनो उभा राहिला. दुसरें कारण अर्थातच व्यवहाराचें: जाहिरात, बाजार आणि फोनचें चित्रण. डिऑरच्या मालकांची नीतिबुद्धि एका आठवड्यांत जागी झाली ती केवळ काथरीनच्या स्मरणानें, असें मानण्याइतका मी भोळा नाहीं.

आपल्याकडे पाहावें तर २००६ त नव्या मुंबईंत खारघर येथें ‘हिटलर्स क्रॉस’ नांवाचें उपाहारगृह निघालें, भिंतीवर त्याची तसबीर लावून. मुंबईच्या ज्यूंनीं हरकत घेतली तेव्हां मालकानें नांव बदललें. २०१२ त अहमदाबादेस ‘हिटलर’ याच नांवाचें कापडाचें दुकान निघालें. दोन्ही ठिकाणीं द्वेष नव्हता; नुसतें अज्ञान होतें, आणि नांव लोकांच्या ध्यानांत राहील हा हिशेब. कडक मुख्याध्यापकाला मुलें हिटलर म्हणतात, घरांत सासऱ्याला सून मनांतल्या मनांत म्हणते. त्याच्या आत्मचरित्राचें मराठी भाषांतर पदपथावर, व्यक्तिमत्त्वविकासाच्या पुस्तकांच्या शेजारीं, बिनदिक्कत विकलें जातें.

आणि हें कोणत्या मुलखांत? ज्या मुलखांत बेने इस्राएल शेंकडों वर्षें राहिले. अलिबागजवळ नवगांवच्या किनाऱ्याला गलबत फुटून सात जोडपीं वाचलीं अशी त्यांची परंपरागत कथा. कोंकणांत त्यांनीं तेलाचे घाणे चालविले, शनिवारीं घाणा बंद ठेविला, म्हणून लोकांनीं त्यांना शनिवार तेली म्हटलें. किहीमकर, पेणकर, दिवेकर हीं त्यांचीं आडनांवें. नऊवारी लुगडें त्यांच्या बायकांचा वेष, मराठी त्यांची मायबोली. समाजी हसाजी दिवेकर यानें १७९६ त मुंबईंत पहिलें सिनेगॉग बांधलें. १९३७-३८ त, म्हणजे जर्मनींत ज्यूंचें नागरिकत्व कायद्यानें हिरावलेलें असतांना, मुंबईचे महापौर होते डॉ. एलिजा मोझेस, हे बेने इस्राएलांपैकीं. याचा अभिमान जरूर बाळगावा. पण जातींच्या उतरंडींत एक जात आणखी बसली, इतक्याच सहजतेनें आपण त्यांना सामावून घेतलें, हेंही लक्षांत घ्यावें. आणि त्या उतरंडींतील इतरांविषयीं आपल्या म्हणींत काय काय सांठवलेलें आहे तें प्रत्येकानें एकदां मनाशीं मोजून पाहावें. लग्नघरांत रात्रीं उशिरां, पेले रिते झाल्यावर, ज्या शब्दांना आपण सारे हंसतों ते कोणी फोनवर टिपले तर? मीही हंसलेला आहें.

गॅलिआनोनें मद्य सोडलें, धर्मगुरूंना भेटला, ज्यूंच्या इतिहासाचीं पुस्तकें वाचलीं. २०१४ त मार्जिएला या पेढीनें त्याला काम दिलें, व जानेवारी २०२४ मधील त्याच्या प्रदर्शनावर जाणत्यांनीं स्तुतीचा वर्षाव केला. त्या वर्षाच्या अखेरीस त्यानें ती जागाही सोडली. त्याचा पश्चात्ताप खरा कीं घडविलेला, हें बोलपट पाहूनही मला ठरवितां आलें नाहीं. मद्यगृहांत अपमान झालेल्यांपैकीं एकजण त्यांत बोलतो, आणि त्याची जखम भरलेली दिसत नाहीं.

यंदा त्याच महाविद्यालयाचें बोलावणें पुन्हा आलें. मीं होकार कळविला, आणि निकालापूर्वीं परीक्षकाला पंधरा मिनिटें बोलूं द्यावें अशी अट घातली. बोलावयाचें तें कापडाच्या त्या एका गुणाविषयींच. तो मुलगा आतां कोठें आहे याचा मीं शोध केला. तो जवळच्याच एका शाळेंत इतिहास शिकवितो. त्यालाही निमंत्रण धाडावें असें मीं संयोजकांस लिहिलें आहे. त्याच्या नांवापुढें ४१ आंकडा असलेलें तें गुणपत्रक माझ्या टेबलाच्या खणांत अजून आहे.