अंगणातला म्हातारा लिंब

आमच्या शिरड शहापुरात वळवाचं वादळ उठलं, की माझी नजर अब्बांनी लावलेल्या लिंबाकडं जाते. घरावर पडेल म्हणून आधीच तोडावा का?

१७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात बजावलं : रयतेनं लेकरांसारखी वाढवलेली आंबा-फणसाची झाडं आरमारासाठीही तोडू नयेत, अगदी जीर्ण झालेलं झाडच, तेही धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावं. २०२१ मध्ये राज्याच्या कायद्यानं ५० वर्षांचं झाड वारसा मानलं. पण तो कायदा शहरांपुरता. खेड्यातल्या झाडाची राखण घरच्यांकडंच.

म्हणून मंडळी, वाळक्या फांद्या मृगाआधी उतरवा, बुंध्याभोवती सिमेंट ओतू नका, मुळं तोडू नका. एवढं करूनही झाड पोकळ झालं, कललं, तर घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा; कुऱ्हाड त्यानंतर.